परमुलखातले दिवे

दिवे गेले की माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? काडेपेटी शोधीत नाही. तो खिडकीशी जाऊन शेजाऱ्याच्या घराकडे पाहतो. तिकडेही अंधार असला तर त्याला एक चमत्कारिक समाधान वाटते आणि तो स्वस्थ बसतो. तिकडे उजेड असला तर मात्र अस्वस्थ होऊन आपल्या घरचा फ्यूज पाहावयास जातो. मनुष्यस्वभावाची ही एक गंमत. पण या गमतीत एक बिकट प्रश्न दडलेला आहे. शेजाऱ्याकडे उजेड असेल तर त्याच्याकडे मदत मागता येते. ज्या वादळाने माझा दिवा मालवला त्यानेच त्याचाही मालवला असेल, तर मदत मागावयाची कोणाकडे? दूरच्याकडे, हे उघड आहे. मग पुढचा प्रश्न असा, की ज्याचे माझे नाते नाही, गाव एक नाही, देणेघेणे नाही, अशा दूरच्या माणसाने घरदार सोडून माझ्या दारातल्या खांबावर चढावयास का यावे?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे उत्तर शोधावयास विजेच्या कंपन्यांना जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. आणि तेही पुरते सापडले आहे असे म्हणवत नाही.

तिकडे जून ते नोव्हेंबर हे सहा महिने अटलांटिक महासागरावरच्या तुफानांचे. 'हरिकेन' म्हणतात ते हेच. आपल्या बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाचे ते सख्खे भावंड. एखादे मोठे हरिकेन फ्लोरिडाच्या किंवा लुइझियानाच्या रोखाने निघाले, की हमरस्त्यावर एक देखावा हमखास दिसतो. एका बाजूने माणसे मुलाबाळांसह, मोटारीत मावेल तेवढे सामान कोंबून, वादळापासून दूर पळत असतात. आणि दुसऱ्या बाजूने, वादळाच्या दिशेने, अवजड गाड्यांची रांगच्या रांग चाललेली असते. प्रत्येक गाडीच्या पाठीवर घडी घातलेला एक लांबलचक हात, आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. नंबराच्या पाट्या पाहाव्यात तर कोणी ओहायोची, कोणी टेक्ससची, कोणी थेट कॅनडातून आलेली. वादळ किनाऱ्याला लागण्यापूर्वीच ही मंडळी त्याच्या वाटेपासून थोड्या अंतरावर येऊन मुक्काम ठोकतात. वारा पडला, की दुसऱ्या दिवशी खांबावर.

ही माणसे म्हणजे लाइनमन. आपल्याकडे लोक वायरमन म्हणतात. महाराष्ट्रात अलीकडे महावितरणने त्यांना 'जनमित्र' असे गोड नाव दिले आहे. नाव कितीही गोड असले तरी धंदा पहिल्यापासून जिवावरचा. एडिसनने १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजघर सुरू केले, तेव्हा तारा जमिनीखालून नेल्या होत्या. पण तो खर्च सगळ्यांना कोठून झेपणार? देशभर लाकडी खांब उभे राहिले आणि तारा आकाशात गेल्या. १८८८ च्या मार्चमधील हिमवादळाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारांची जाळीच्या जाळी लोळवली, तेव्हा त्या शहराने त्या जमिनीत पुरण्याचा ध्यास घेतला. बाकीचा देश बहुतांशी खांबांवरच राहिला. खांब, तार आणि शेजारी झाड, हे त्रिकूट एकत्र आले की वादळाला फारसे कष्ट पडत नाहीत.

त्या काळी लाइनमन हा बराचसा भटका प्राणी होता. 'बूमर' म्हणत त्यांना. हत्यारांची पिशवी पाठीला लावावयाची, मालगाडीच्या डब्यात चढावयाचे आणि जेथे काम असेल तेथे उतरावयाचे. १८९१ साली सेंट लुईस येथे अवघ्या दहा प्रतिनिधींनी जमून वीजकामगारांची देशव्यापी संघटना काढली; तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा असाच एक लाइनमन. तो गावोगाव फिरे, दिवसा खांबावर चढे आणि संध्याकाळी कामगारांना संघटनेत ओढी. १८९६ साली वॉशिंग्टन शहरात काम करताना विजेचा धक्का बसून तो खांबावरून कोसळला आणि गेला. अध्यक्ष झाला म्हणून त्याचा खांब सुटला नव्हता. परमुलखात जाऊन तारा जोडणाऱ्यांची परंपरा या भटक्यांपासूनच सुरू होते; फक्त त्यांना कोणी मदत म्हणत नसे, पोट म्हणत.

खरी परीक्षा झाली ती १९३८ साली. त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरला एक हरिकेन, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, लाँग आयलंडवरून न्यू इंग्लंडमध्ये घुसले. हा अमेरिकेचा ईशान्य कोपरा. हरिकेन हा दक्षिणेकडचा रोग, तो आपल्याकडे येत नाही, अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. वेधशाळेनेही धोक्याची नीट सूचना दिली नाही. वादळ इतक्या वेगाने उत्तरेकडे धावले, की पुढे त्याला 'लाँग आयलंड एक्स्प्रेस' असे आगगाडीचे नाव पडले. सहाशेंवर माणसे मेली. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहराच्या भर बाजारपेठेत समुद्र शिरला.

विजेच्या दृष्टीने पाहिले तर त्या वादळाने महिना मोठा वाईट निवडला होता. आधीचे कित्येक दिवस पाऊस लागून जमीन भिजून भुसभुशीत झाली होती, आणि सप्टेंबर असल्याने एल्म आणि मेपलची झाडे पानांनी भरलेली होती. पान म्हणजे शीड. झाडांनी वारा शिडासारखा धरला आणि भिजल्या मातीतून ती मुळांसकट उपटून आली. जेथे झाड पडले तेथे तार पडली. टेलिफोनचीही पडली, विजेचीही पडली. न्यूयॉर्कहून बोस्टन म्हणजे साधारण पुण्याहून बेळगाव इतकेच दूर, पण काही काळ या दोन शहरांमधले संदेश समुद्राखालच्या तारेने लंडनला जाऊन तेथून परत येत होते.

येथे टेलिफोनवाल्यांनी जे केले ते पाहून वीजवाल्यांनी शिकावे असे होते. अमेरिकेतला बहुतेक टेलिफोन तेव्हा बेल नावाच्या एकाच घराण्याच्या हाती होता. राज्याराज्यांतून कंपन्या वेगळ्या, पण खांब, तारा, पेट्या, पक्कड आणि पाने एकाच घरच्या कारखान्यात घडलेले, आणि माणसेही एकाच पद्धतीने शिकून तयार झालेली. त्यामुळे शेकडो मैलांवरून आलेला कामगार न्यू इंग्लंडच्या खांबावर चढला, तर वर त्याला आपल्या गावचाच खांब भेटे. कोण्या सुनेला नव्या सासरी गेल्यावर स्वयंपाकघरातले डबे माहेरच्याच क्रमाने लावलेले सापडावेत, तसला हा प्रकार.

वीज कंपन्यांचे तसे नव्हते. त्या शेकड्यांनी होत्या, कोणी खाजगी, कोणी नगरपालिकेच्या, आणि ज्याचा त्याचा संसार वेगळा. एकीच्या तारांत दाब एक तर दुसरीच्या तारांत दुसरा. विजेची आवर्तनेसुद्धा सर्वत्र सारखी नव्हती. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या कंपनीने आपली पन्नासाची आवर्तने साठावर आणली ती १९४८ च्या सुमारास, आणि त्यासाठी घरोघरची घड्याळेसुद्धा बदलावी लागली. तार बांधणाऱ्या माणसाला आवर्तनांशी फारसे कर्तव्य नसते हे खरे. पण खांबावरची मांडणी, दाब आणि धोक्याच्या खुणा यांच्याशी त्याचा जीव बांधलेला असतो. परका लाइनमन परक्या खांबावर चढतो तेव्हा तो खरोखर परक्या भाषेचे पुस्तक वाचावयास चढत असतो, आणि येथे चुकीच्या वाचनाची शिक्षा फार मोठी.

तरीही मदत होत होती. एकाच मालकाच्या हाताखालच्या भगिनी-कंपन्या एकमेकींना माणसे धाडीत. शेजारपाजारच्या कंपन्या ओळखीवर, शब्दावर धाडीत. अडचण येई ती नंतर. आलेल्या माणसांचा पगार कोणी द्यावयाचा? वाटेतल्या पेट्रोलचे काय? एखादा परक्या गावात खांबावरून पडून मेला, तर त्याच्या बायकोला पैसे कोणी द्यावयाचे: ज्याने धाडला त्याने, की ज्याने बोलावला त्याने? लग्नघरात आपण शेजारणीची पातेली आणतो ती हसतमुखाने. पातेले पिचले म्हणजे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

१९५४ च्या ऑगस्टअखेर कॅरोल, सप्टेंबरात एडना, ऑक्टोबरात हेझल. पुढच्याच वर्षी ऑगस्टात कॉनी आणि तिच्या पाठोपाठ डायॅन. वादळांना बायकांची नावे देण्याची चाल नुकतीच पडली होती, आणि या पाच जणींनी पूर्व किनारा दोन वर्षांत असा झोडपला की शब्दावरचा कारभार पुरेनासा झाला. खाजगी वीज कंपन्यांची एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट ही संस्था १९३३ पासून होती. तिच्या छत्राखाली पन्नाशीच्या दशकात परस्परसाहाय्याचे नियम कागदावर आले.

हे नियम वाचावयास अत्यंत रूक्ष आहेत, आणि माझ्या मते त्यांचे सगळे मोठेपण त्या रूक्षपणात आहे. त्यांत मानवतेबद्दल व्याख्यान नाही. मदत पाठविणे ऐच्छिक. नाही म्हटले तरी कोणी रुसावयाचे नाही. माणसे घरून निघाल्या क्षणापासून परत पोचेपर्यंतचा सारा खर्च, म्हणजे पगार, जादा तासांचे वेतन, गाड्यांची झीज, जेवणखाण आणि निजावयाची सोय, बोलावणाऱ्याच्या माथी. मात्र त्यावर धाडणाऱ्याने नफा एक छदामही घ्यावयाचा नाही. आलेला कामगार अखेरपर्यंत आपल्या मूळ कंपनीचाच नोकर राहतो. त्यामुळे अपघात झाला तर त्याचा विमा आणि त्याचे हक्क वाऱ्यावर जात नाहीत. तार चालू-बंद करण्याचा अधिकार मात्र यजमानाचा. आणि धाडणाऱ्याच्या स्वतःच्या मुलखावर संकट आले, तर तो आपली माणसे परत बोलावू शकतो. पातेले पिचण्यापूर्वीच पिचलेल्या पातेल्याचा हिशेब ठरवून टाकला, एवढेच.

आता हा खर्च शेवटी कोण भरतो, असे कोणी विचारील. बहुधा ज्यांचे दिवे गेले त्यांच्याच बिलांत तो पुढची काही वर्षे थोडाथोडा येतो. फुकट येथे काही नाही. पण ज्याला रात्री दोन वाजता फोन करावयाचा, त्याच्याशी तेव्हा घासाघीस करावी लागत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे.

ही परकी पथके प्रत्यक्ष काम कशी करतात, तेही पाहण्याजोगे आहे. वादळ गेल्यावर प्रथम नुकसानीची मोजदाद. मग उंच मनोऱ्यांवरून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या, मग उपकेंद्रे, मग इस्पितळे आणि पाणीपुरवठा, मग ज्या एका दुरुस्तीने हजार घरे उजळतील ती, आणि अगदी शेवटी गल्लीच्या टोकाचे एकटे घर. त्या घरातल्या आजीबाईंना हे पटवून देणे हे त्या धंद्यातले सर्वांत अवघड काम असावे. कारण लाइनमन तिच्या दारावरून दिवसातून चार वेळा जाताना तिला दिसतो आणि थांबत नाही.

परक्या पथकाबरोबर गावचा एक माणूस दिला जातो. त्याला ते लोक 'बर्ड डॉग' म्हणतात. बर्ड डॉग म्हणजे शिकाऱ्याला पक्षी दाखविणारा कुत्रा. नाव फारसे सन्मानाचे नाही, पण काम मोठ्या मोलाचे. कोणता रस्ता पाण्याखाली आहे, कोणत्या खांबावर कोणती वाहिनी आहे, कोणाच्या परसातून पलीकडे जाता येते, हे त्याला पाठ असते. रस्त्यांवरच्या पाट्या वाऱ्याने उडालेल्या असल्या, की पन्नास परक्यांचा जीव त्या एका गाववाल्याच्या स्मरणशक्तीवर असतो. रात्री मुक्काम जत्रेच्या मैदानावर किंवा मोठ्या दुकानांच्या आवारात. तेथे तंबूंचे गावच वसते. हजार-हजार माणसांचे जेवण रांधले जाते, कपडे धुतले जातात, डिझेलच्या टाक्या भरल्या जातात. सोळा तास काम, आठ तास विश्रांती, असा दोन-दोन आठवडे क्रम.

आणि एका शत्रूबद्दल लाइनमनांना वादळापेक्षाही धास्ती असते. तो शत्रू म्हणजे घरगुती जनित्र. दिवे गेले की एखादा हुशार गृहस्थ आपले जनित्र सुरू करतो आणि त्याची तार सरळ घरातल्या प्लगात खुपसतो. घर उजळते. पण मुख्य स्विच बंद केलेला नसला, तर तीच वीज उलटी वाहत रस्त्यावरच्या रोहित्रात जाते. रोहित्र बिचारे मुके यंत्र. रोज ते ७,२०० व्होल्टचे २४० करून घरात पाठवी, आज घराकडून २४० आले तर त्याचे ७,२०० करून खांबावर पाठविते. वर मेलेली समजून तार हातात घेणाऱ्या माणसाचे काय होत असेल ते सांगावयास नको. म्हणून त्यांच्यात दंडक असा, की ज्या तारेला आपण स्वतः जमिनीशी जोडून टाकले नाही, ती तार जिवंतच समजावयाची, मग साऱ्या गावात कितीही काळोख असो. ओहायोहून हजार मैल आलेला माणूस फ्लोरिडातल्या एका गृहस्थाच्या शीतकपाटासाठी मरावा, यासारखी क्रूर थट्टा नाही. आणि असे मृत्यू झालेले आहेत.

आपल्याकडे हा सारा प्रकार थोडा निराळ्या तऱ्हेने चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर खांबही. करोनाची टाळेबंदी चालू असतानाच राज्याच्या इतर भागांतून महावितरणची पथके कोकणात उतरली. तरीही आडबाजूच्या गावांतून लोकांनी बरेच दिवस अंधारात काढले. घाटावरच्या वायरमनला कोकणातली वाट नवी, खाडी नवी, आणि खांबासाठी खड्डा खणावयाचा तर खाली जांभा. पण एक सोय होती. कंपनी एकच, खांब एकाच जातीचे, पगार एकाच तिजोरीतून. त्यामुळे पातेल्याच्या हिशेबाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत तीनेक हजार निरनिराळ्या वीजसंस्था, म्हणून तेथे जे कागदावर लिहावे लागले ते येथे एका हुकमात भागते. दोहोंत बरे कोणते हे ठरविण्याच्या भरीस मी पडत नाही.

त्या कागदाचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर २००५ चा ऑगस्ट पाहावा. कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, त्याची कहाणी जगाने ऐकली. शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर मिसिसिपी पॉवर नावाची एक लहानशी कंपनी आहे, तिची कहाणी फारशी कोणी ऐकली नाही. २९ ऑगस्टला तिच्या सुमारे १,९५,००० ग्राहकांपैकी एकाच्याही घरी दिवा उरला नाही. कंपनीची स्वतःची माणसे सगळी मिळून बाराशेंच्या आसपास. त्यांतल्या कित्येकांची घरेच वाहून गेलेली. काही दिवसांतच तिच्याकडे देशभरातून आणि कॅनडातून मिळून सुमारे अकरा हजार माणसे काम करीत होती. यजमान एक आणि पाहुणे नऊ! इतक्या पाहुण्यांना वरून हुकूम देत बसणे अशक्य, म्हणून निर्णयाचा अधिकार खाली उपकेंद्रांपर्यंत सोपवून दिला. ज्या घरांची वीज घेण्याजोगी अवस्था उरली होती, त्या सर्व घरांत बाराव्या दिवशी दिवे आले. जेथे सरकारी यंत्रणा आठवडाभर कोणी काय करावयाचे यावरच अडून बसली होती, तेथे हे घडले.

पण तोच कागद सात वर्षांनी अपुरा पडला. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागले आणि पंच्याऐंशी लाख जोडण्या अंधारात गेल्या. मदतीचे गट प्रदेशवार बांधलेले होते: शेजाऱ्याने आधी शेजाऱ्याला हाक मारावयाची. येथे तर सगळा शेजारच काळोखात! जो तो आपली माणसे घरीच धरून ठेवू लागला, आणि दूरची माणसे कोणी किती घ्यावयाची याला ताळतंत्र राहिले नाही. शेवटी सदुसष्ट हजारांच्या आसपास माणसे जमली. कॅलिफोर्नियाहून गाड्या रस्त्याने यावयाच्या म्हणजे आठवडा जाणार, म्हणून लष्कराच्या सी-१७ जातीच्या अजस्र विमानांच्या पोटात बादलीच्या गाड्या घालून त्या न्यूयॉर्कजवळ उतरविण्यात आल्या. एवढे करूनही लाँग आयलंडवरच्या अनेकांना दोन आठवडे वाट पाहावी लागली. खाऱ्या पाण्याने ज्या घरांतली वायरिंग कुजली होती तेथे तर रस्त्यावरची तार जोडूनही उपयोग नव्हता. लाइनमनाचे राज्य मीटरपाशी संपते. त्या अनुभवावरून १२ महिन्यांच्या आतच सबंध देशाची माणसे एका ठिकाणाहून वाटून देण्याची योजना कंपन्यांनी २०१३ साली आखली.

२०१७ च्या सप्टेंबरात फ्लोरिडावर इर्मा वादळ आले, तेव्हा या योजनेचा गुण दिसला. साठ हजारांवर माणसे जमली आणि बहुतेक फ्लोरिडा दहा-बारा दिवसांत उजळला. आणि त्याच महिन्यात, थोडे पुढे समुद्रात, याच्या नेमके उलट घडले.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातले बेट. १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, तिथले लोक अमेरिकन नागरिक, बोली स्पॅनिश. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ याबुकोआ गावाजवळ किनाऱ्याला लागून बेटाच्या आरपार गेले. सुमारे पंधरा लाख ग्राहकांचे, म्हणजे साऱ्या बेटाचे, दिवे एकदम गेले. मोठी वीजघरे दक्षिण किनाऱ्यावर आणि सान हुआन ही राजधानी उत्तरेला. मधल्या डोंगरांवरून गेलेल्या वाहिन्या कोसळल्या. बेटावरचे सरकारी वीजमंडळ आधीच सुमारे नऊ अब्ज डॉलरांच्या कर्जात बुडालेले, जुलैतच दिवाळखोरीचा अर्ज करून बसलेले. त्याचे अनुभवी लाइनमन निवृत्त होऊन किंवा मुख्य भूमीवर जाऊन पांगलेले.

अशा वेळी त्या मंडळाने ती रूढ हाक मारलीच नाही. मंडळाच्या प्रमुखांचे म्हणणे असे, की परक्या पथकांच्या निवासाची आणि जेवणाची सोय करण्याइतकी आपली ऐपत नाही. पाहुण्याला बोलावण्यासाठीसुद्धा घरात चार दाणे असावे लागतात! त्याऐवजी मोंटाना राज्यातील व्हाइटफिश या लहानशा गावच्या एका कंपनीला तीस कोटी डॉलरांपर्यंतचे कंत्राट देण्यात आले. वादळ आले त्या दिवशी त्या कंपनीचे कायमचे नोकर होते दोन. कंपनीने इतरांची माणसे भाड्याने आणून कामाला लावली, त्यांत फ्लोरिडातल्या नगरपालिकांच्या वीजखात्यांचेच लाइनमन होते. म्हणजे जी माणसे नेहमीच्या नियमांनी ना नफा तत्त्वावर आली असती तीच मधल्या दलालामार्फत आली, आणि त्यांच्या नावावर मंडळाकडे ताशी ३१९ डॉलर लावले गेले. गहजब झाला. २९ ऑक्टोबरला कंत्राट रद्द करावयाचे ठरले, आणि ३१ ऑक्टोबरला, म्हणजे वादळानंतर एक्केचाळिसाव्या दिवशी, मंडळाने ती हाक मारली.

तोपर्यंत मुख्य भूमीवरची मोटारींची रांग येथे निरुपयोगी ठरली होती. बेटावर हमरस्त्याने येता येत नाही. गाड्या, खांब, रोहित्रे, तारांची रिळे, सगळे तराफ्यांवरून आणावयाचे. आणि टेक्सस नि फ्लोरिडाच्या वादळांनी देशभरचा साठा आधीच खाल्लेला. नव्या कुमकेचे मोठे तांडे पोचले ते जानेवारी २०१८ मध्ये. डोंगरातल्या गावांत रस्ता नाही तेथे हेलिकॉप्टरने खांब उचलून नेऊन उभे केले. न्यूयॉर्कचा लाइनमन आणि डोंगरातली म्हातारी यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण खांबाकडे बोट दाखवावयास भाषा लागत नाही.

काळोखाचा हिशेब फक्त दिव्यांत करावयाचा नसतो. वीज नाही म्हणजे पंपाला पाणी नाही, इन्शुलिन ठेवावयास शीतकपाट नाही, प्राणवायूचे यंत्र बंद. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली मारियामुळे ओढवलेल्या मृत्यूंचा अंदाज केला तो २,९७५. त्यापूर्वी सरकारी आकडा ६४ होता. हे सारे लोक वादळाच्या दिवशी मेले नव्हते. पुष्कळसे नंतरच्या त्या लांबलेल्या महिन्यांत, वाट पाहताना गेले.

वायव्येकडच्या सान सेबास्तियान गावाने वाट पाहणे सोडून दिले. या गावाला पूर्वापार 'पेपिनो' म्हणतात, म्हणजे काकडी. तेथल्या महापौराने नगरपालिकेची माणसे, हौशी गावकरी आणि वीजमंडळातून निवृत्त झालेले लाइनमन गोळा केले आणि त्या टोळीला मोठ्या थाटाचे नाव पडले: 'पेपिनो पॉवर ऑथॉरिटी'. मंडळाने धोक्याची सूचना दिली. ती खोटी नव्हती. अर्धवट ठाऊक असलेल्या जाळ्यात हात घालणे किती महागात पडते ते वर आलेच आहे. पण टोळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याच गावातल्या त्याच खांबांवर उमेदीची वर्षे घालविली होती. त्यांना कोणी बर्ड डॉग द्यावा लागला नाही. पडलेल्या तारांतून वापरण्याजोग्या निवडून, त्या पुन्हा चढवून, त्यांनी एकेक वस्ती उजळत नेली, आणि ज्या ज्या वस्तीत दिवा आला तेथे लोक रस्त्यावर येऊन ओरडू लागले.

बेटाच्या डोंगरातली अखेरची घरे मंडळाने जोडली ती २०१८ च्या ऑगस्टात. वादळाला तेव्हा अकरा महिने होत आले होते, आणि पुढच्या वर्षीचा वादळांचा हंगाम सुरू होऊन दोन महिने झाले होते.